पळसवडीचा धूर-आकार

वाहन चालू आहे की बंद, हे ओळखण्याच्या सर्व खुणांमध्ये धूर ही सर्वांत प्रामाणिक खूण होय. आवाज फसवतो, हॉर्न तर हमखास फसवतो (गाडी ढकलत नेतानाही तो वाजवणारे लोक आमच्याकडे आहेत), पण धूर कधी खोटे बोलत नाही. नगर जिल्ह्यातल्या आमच्या पळसवडी गावाला हे सत्य फार पूर्वी उमगले होते. त्यामुळे ज्याच्या गाडीचा धूर जास्त, त्याची गाडी जास्त चालू, आणि ज्याची गाडी जास्त चालू, तो माणूस जास्त कर्तबगार, असा हिशेब गावात पक्का होता. या हिशेबाने गावातले सर्वांत कर्तबगार गृहस्थ म्हणजे भिमाजी.

भिमाजींची टमटम होती. पळसवडी ते शिर्डी रस्त्याचा फाटा, एवढाच तिचा प्रवास, पण त्यात माणसाचे रूप पालटत असे. मागच्या बाकावर बसलेला माणूस फाट्यावर उतरला की त्याचे नातेवाईक त्याला आवाजावरून ओळखत. एकदा मुलगी पाहायला निघालेला एक नवरा मुलगा मागे बसला, आणि मुलीकडच्यांनी पुढे बसलेल्या त्याच्या काकांना पसंत केले. तरीही कोणी तक्रार केली नाही. गाडी आहे म्हटल्यावर धूर असणारच, असे आमच्याकडे समजूतदारपणे बोलले जाई.

ही शांतता भंगली ती नगराध्यक्ष रंगनाथ यांच्या अभ्यासदौऱ्यामुळे. सन पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात हे अभ्यासू गृहस्थ नगरपालिकेच्या वतीने एका थंड हवेच्या ठिकाणी गेले. (अभ्यास उन्हात नीट होत नाही.) तिथल्या हॉटेलात त्यांनी पाटी वाचली : ‘येथे धूम्रपान केल्यास दंड होईल.’ रंगनाथ त्या पाटीपुढे बराच वेळ उभे राहिले. एवढीशी विडी ओढणाऱ्याला दंड, तर दिवसभर धूर सोडणाऱ्या टमटमला काहीच कसे नाही? परत आले ते स्वेटर घालून आणि हा विचार घेऊन. स्वेटर दोन दिवसांत उतरला, विचार काही उतरला नाही.

पुढच्या सभेत ‘धूर-आकार’ लावण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. तो मोकाट कुत्र्यांच्या विषयानंतर आणि भजी येण्याच्या आधी मांडला गेला होता, आणि त्या वेळेला आमच्या सभागृहात कोणताही ठराव एकमतानेच मंजूर होतो.

आता धूर मोजायचा कसा? यंत्र आणायला निधी नव्हता (तो अभ्यासात गेला होता). म्हणून आरोग्य खात्याचे मुकादम कानिफनाथ यांना एक पांढरा ओला रुमाल देण्यात आला. रुमाल सायलेन्सरपुढे धरायचा, आणि त्याचा रंग पाहून आकार ठरवायचा. प्रती चार ठरल्या : फिकट, सावळा, काळा आणि भिमाजी. शेवटची प्रत पहिल्याच दिवशी वाढवावी लागली. भिमाजींच्या टमटमपुढे रुमाल धरला तेव्हा रुमाल, कानिफनाथांचा सदरा आणि पिकलेल्या मिशा, तिन्ही एका रंगाचे झाले. कानिफनाथ त्या दिवशी बरेच तरुण दिसत होते.

“भिमाजीराव, आकार भरावा लागंल,” ते खोकला आवरत म्हणाले.

“कशाचा?”

“धुराचा.”

“धूर माझा हाय का?” भिमाजी शांतपणे म्हणाले. “डिझेल पंपवाल्याचं, धूर डिझेलचा. पंपावर जावा.”

“पन तुमच्या गाडीतनं आलाय ना!”

“गाडीतनं भाईर पडला की तो माझा ऱ्हात न्हाई. तुमच्या हवंत गेला. आता तुमच्या हद्दीत तुमी काय पाळायचं ते पाळा.”

हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की कानिफनाथ त्याच टमटममध्ये बसून नगरपालिकेत परतले आणि त्यांनी तो जसाच्या तसा रंगनाथांना सांगितला. रंगनाथांनी टमटम जप्त करण्याचा आदेश दिला. पण जप्त केलेली गाडी ठेवायची कुठे, तर नगराध्यक्षांच्या खिडकीखालीच जागा होती. आदेश मागे घेण्यात आला.

तोवर गाव पेटले होते. स्टँडवर ‘धूर बचाव कृती समिती’ स्थापन झाली आणि भिमाजी तिचे अध्यक्ष झाले. पहिल्याच सभेत त्यांनी गावाला भविष्य दाखवले. “आज गाडीचा धूर मोजत्यात. उद्या चुलीचा मोजतील. परवा उदबत्तीचा! आन् शेवटाला सरनावर बी रुमाल धरतील!” सभेतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांनी मरणाची तयारी केली होती, पण त्यात रुमालाचा विचार केलेला नव्हता. त्या संध्याकाळी ज्यांच्याकडे वाहन सोडाच, सायकलसुद्धा नव्हती, असे लोकही समितीचे सभासद झाले.

मग निघाला तो ऐतिहासिक मोर्चा. गावातल्या सर्व टमटम, टेम्पो, ट्रॅक्टर आणि एक रोडरोलर नगरपालिकेपुढे उभे करून सगळ्यांची इंजिने सकाळभर चालू ठेवण्यात आली. दुपारी बारा वाजता गावात दिवे लावावे लागले. निवेदन स्वीकारायला रंगनाथ बाहेर आले, ते कोणालाच दिसेनात. अंदाजाने कार्यकर्त्यांनी त्यांनाच हार घातला, खांद्यावर घेतले आणि ‘झिंदाबाद’ म्हणत स्टँडपर्यंत नेले. इकडे पायरीवर उभ्या राहिलेल्या भिमाजींविरुद्ध त्यांच्याच समितीने तासभर ‘मुर्दाबाद’च्या घोषणा दिल्या. भिमाजींनीही त्या दिल्या. मोर्चा कमालीचा यशस्वी झाला, यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

एवढ्यात निवडणूक लागली आणि नगराध्यक्षपद महिलांसाठी राखीव झाले. रंगनाथांनी पत्नी गीताबाईंना उभे केले. भिमाजींनी लंकाबाईंना, म्हणजे स्वतःच्या पत्नीला. उमेदवाराचे मत विचारण्याची पद्धत आमच्याकडे नाही. उमेदवाराने मत मागायचे असते.

विचारले असते, तर पंचाईत झाली असती. लंकाबाईंचे घर स्टँडला लागून. वरच्या गच्चीवर त्या दर उन्हाळ्यात कुरडया घालत, आणि वाळेपर्यंत त्या कुरडया राखी रंगाच्या होत. पाहुणे त्यांना नाचणीच्या समजून वाखाणत. त्याचे लंकाबाईंना फार वाईट वाटत नसे. वाईट वाटे ते नातीचे. आठ वर्षांची दीपा. तिला दमा होता. टमटम दारात सुरू झाली की पोर उंबऱ्यात बसून दोन्ही हातांनी छाती धरी आणि मासोळीसारखे तोंड उघडी. नगरच्या डॉक्टरांनी सांगितले, धुरापासून लांब ठेवा. मग तिला केडगावला आत्याकडे ठेवले. (तिथेही पुण्याचा रस्ता दारावरून जातो, पण तिथला धूर निदान थांबत नाही, त्याला पुण्याला जायचे असते.) निघताना दीपाने विचारले होते, “आज्जी, मी चांगली झाले की गाडी जाणार का, गाडी गेली की मी चांगली होणार?”

प्रचार रंगात आला. आपण धुराचे शत्रू ठरलो आहोत हे पाहून रंगनाथ हादरले. त्यांनी धूर-आकार रद्द करण्याचे वचन दिले. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्यांनी प्रचाराच्या जीपमध्ये डिझेलबरोबर रॉकेल ओतायला सुरुवात केली, म्हणजे धूर जनतेच्या बाजूचा दिसावा. भिमाजींनी उत्तरादाखल टमटममध्ये जळके ऑईल ओतले. ज्याचा धूर काळा तो गरिबांचा, ज्याचा निळा तो श्रीमंतांचा, अशी सरळ विभागणी झाली. धुराचे काय करायचे यावर मात्र दोन्ही पक्षांत रतीभरही मतभेद उरला नव्हता. निवडणूक त्यामुळे अत्यंत चुरशीची झाली.

सांगता सभेत लंकाबाई प्रथमच बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी मनाशी ठरवले होते की, होईल ते होवो, आज खरे सांगून टाकायचे. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना, शोभेसाठी, चालू टेम्पो उभे होते.

“बायाबापड्यांनो,” त्या म्हणाल्या, “हा धूर...”

आणि त्यांना खोकला आला. पुन्हा म्हणाल्या, “हा धूर माझ्या नातीला...” पुन्हा उबळ. डोळ्यांत पाणी आले, हात छातीवर गेला, शब्द फुटेना.

“आईसाहेबांना गहिवरून आलंय!” भिमाजी माईकवर ओरडले. सभा उभी राहिली. धुरासाठी रडणारी पुढारी गावाने पहिल्यांदाच पाहिली होती. मागे बसलेल्या बायाही डोळे पुसू लागल्या (टेम्पो त्यांच्याही जवळ होते). लंकाबाईंचे पॅनेल प्रचंड बहुमताने निवडून आले आणि लंकाबाई नगराध्यक्ष झाल्या.

पहिली सभा बंद सभागृहात भरली. खिडक्या लावलेल्या होत्या, बाहेर विजयी मिरवणूक होती म्हणून. आत हवा स्वच्छ होती. लंकाबाईंना खोकला आला नाही. आमच्या लोकशाहीतली ही मोठीच चूक म्हटली पाहिजे.

“धूर-आकार चालू ऱ्हाईल,” त्या म्हणाल्या. “आन् पयली गाडी आमच्या घरची तपासा.” भजी यायच्या आत ठराव मंजूर झाला.

रात्री जेवताना भिमाजींचा घास हातातच राहिला. “अगं, मी तुला निवडून आनलं!”

“व्हय,” लंकाबाई म्हणाल्या. “लई उपकार झाले. भाकरी वाढू?”

“लोकं काय म्हनतील मला?”

“काय म्हनायचं ते म्हनू द्या. दीपा छाती धरून बसायची, तवा तुमी हुतात ना दारात? टमटम बंद केली का कवा? आता तरी करा.”

भिमाजींनी भाकरी घेतली नाही. सकाळी मात्र ते टमटम घेऊन नागापूरला, कारखान्यांच्या वसाहतीत, इंजिनाचे काम करून घ्यायला गेले, आणि ही गोष्ट त्यांनी गावापासून, एखादे लफडे लपवावे तशी, लपवून ठेवली. कानिफनाथांनी पुढे त्यांची गाडी तपासली तेव्हा रुमाल फिकट निघाला. चौथी प्रत मागे घेण्यात आली, पण रजिस्टरात तिचे नाव तसेच राहिले.

बाकीच्यांनीही कुरकुरत इंजिने नीट केली. दिवाळीपर्यंत हवा निवळली. दीपा केडगावहून घरी आली आणि अंगणात पळू लागली. लंकाबाई तिला पाहत ओट्यावर बसून राहत, कामाचे कागद मांडीवर तसेच.

पण हवा निवळली आणि गावावर संकट कोसळले. गाव दिसू लागले.

स्टँडमागचे तुंबलेले गटार, जे अनेकांना नुसता वास म्हणून परिचित होते, ते प्रत्यक्ष दिसू लागले. उद्घाटन झालेली पाण्याची टाकी मुळात बांधलीच नव्हती, हे लक्षात आले. समोरासमोर राहणाऱ्या शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरात काय काय नवीन आले ते पाहिले आणि बोलणे सोडले. माजी नगराध्यक्ष रंगनाथ यांचा नवा बंगला, जो आजवर एक अफवा होता, तो तीन मजली निघाला. नगरपालिकेकडे तक्रारींचा ढीग पडला. पूर्वी हे काही नव्हते, सगळे लंकाबाईंच्या काळात झाले, असे लोक उघड बोलू लागले. आणि ते डोळ्यांनी पाहिलेले असल्याने खोटे म्हणता येईना.

अविश्वास ठराव आला. लंकाबाई एवढेच म्हणाल्या, “गटार मी न्हाई आनलं. मी निस्तं दाखवलं.”

“त्येच तर म्हननं हाय!” सभासद एका सुरात म्हणाले.

ठराव मंजूर झाला. लंकाबाईंच्या बाजूने एकच मत पडले, त्यांचे स्वतःचे. गीताबाई नगराध्यक्ष झाल्या, रंगनाथांनी त्यांच्या वतीने आभार मानले, आणि धूर-आकार त्याच दिवशी रद्द झाला. महिन्याभरात गटार दिसेनासे झाले. बंगलाही. तक्रारी थांबल्या. शेजारी पुन्हा बोलू लागले.

लंकाबाईंनी पद गेल्याचे दुःख केले नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांच्या आळीत कोणीही गाडी सुरू करत नाही. कोणी केलीच, तर त्या दीपाचा हात धरून गाडीपुढे जाऊन उभ्या राहतात आणि नुसत्या बघतात. भिमाजींची टमटम आता नीट आहे, तरी तेसुद्धा ती कोपऱ्यापर्यंत ढकलत नेतात. वाटेत कोणी विचारले, तर म्हणतात, व्यायाम.

ही हकिकत मी अनेक गावी, अनेक सुशिक्षित माणसांना सांगितली आहे. सगळे मनापासून हसतात. पळसवडीच्या लोकांच्या अडाणीपणाबद्दल हळहळतात. लंकाबाई शंभर टक्के बरोबर होत्या, असे टेबलावर हात आपटून सांगतात. आणि मग निघता निघता, चपला घालताना, आवाज जरा खाली आणून एकच विचारतात, “पण काय हो, तो आकार स्कूटरला होता का?”

तुमच्याही मनात ते आले असेल, म्हणून सांगून टाकतो. होता.

काय झाले? आत्ता तर लंकाबाई बरोबर होत्या म्हणत होतात.