तिघांच्या साक्षीचं कुलूप

"आता आपल्या घरात एकट्याने शिरायची कुणाची टाप नाही!" काकांनी जाहीर केलं, तेव्हा काकू नाटकातल्या राणीच्या झग्याला बाह्या लावत होत्या. एकटं नुसतं बसायला मिळालं असतं तरी खूप होतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

काका संगणकांची जाळी उभारायच्या नोकरीतून निवृत्त झाले होते; डोकं मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हतं. त्यांनी दाराचं कुलूप, कॅमेरा, फ्रिज आणि वॉशिंग मशीन एकमेकांना जोडून टाकलं. प्रत्येकाच्या पोटात एक सीलबंद चिप. दिवसभर ती एकमेकांना विचारणार, तू तोच ना? एकाची जरी ओळख पटली नाही, की कुलूप बंद. मग फोनने कितीही विनवा, ऐकणार नाही.

"मग उघडायचं कसं?" लेकीने विचारलं.

काकांनी बोटाएवढ्या चार काळ्या किल्ल्या टेबलावर मांडल्या. "चौघांना चार. त्यातल्या कुठल्याही तीन कुलपाला टेकवायच्या. विश्वास वाटून टाकला! एकाला चोराने फितवलं तरी बिघडत नाही."

"मला कोण फितवतंय या वयात," म्हणत आजींनी आपली किल्ली कमरेला खोचली.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग वॉशिंग मशीन बिघडलं. मेकॅनिकने आतला बोर्ड बदलला आणि काका जुना बोर्ड मागत त्याच्यामागे खाली गेले. काकूंनी झगा पिशवीत घालून टेबलावर ठेवला आणि टॅक्सी आली का बघायला त्याही उतरल्या. दोघं वर येतात तो दार बंद, कुलपावर लाल दिवा!

"हल्ला!" काकांचा चेहरा नातू झाल्यासारखा फुलला. "अगं, आपल्यावर हल्ला झालाय!" फोन बघितल्यावर ते जरा हिरमुसले, पण क्षणभरच. "नाही, बोर्ड नवा, आपली चिप जुन्यावर. फ्रिजने मशीनला ओळखच दिली नाही. काय चोख काम आहे बघ!"

"अहो, झगा आत आहे. सहाला पडदा वर जाणार. राणी काय घरच्या गाऊनवर सिंहासनावर बसेल?" नाटक कंपनीचं हे पहिलंच काम. आज चुकलं तर दुसरं मिळणार नव्हतं, आणि एकेक मणी ओवताना काकूंचे डोळे दुखून आले होते.

"घाबरतेस काय? तुझी किल्ली काढ."

"ती आईंकडे ठेवायला दिली. सुया-टाचण्यांत कुठे सांभाळू?"

तेवढ्यात लेक जिना चढून आली. "माझी आजीकडे. माझ्या बॅगेत पेन टिकत नाही, बाबा."

"शाब्बास! मी विश्वास वाटायचा आणि तुम्ही तो गोळा करून एका कमरेला बांधायचा!"

"मग तुमची काढा," काकू म्हणाल्या.

काका चष्मा पुसायला लागले. "ती... आईकडेच. एखादी तरी सुरक्षित जागी नको?"

लेक पळत जाऊन आजींना बागेतून घेऊन आली. गप्पा अर्धवट राहिल्याने आजी वैतागल्या होत्या. "माझ्याकडे कुठल्या? या घरात ठेवलेली वस्तू कधी सापडते का? सगळ्या खालच्या मावशींकडे दिल्या मी."

काकांनी कठडा धरला.

खालच्या मावशी हात पुसत वर आल्या. एकाच नाडीत चारही किल्ल्या, जोडीला त्यांच्या पोटमाळ्याची किल्ली. टक, टक, टक. दार उघडलं. "वीज गेली की तुमचा फ्रिज गप्प होतो आणि हे रुसतं. परवाही असंच उघडून तुमच्या कुंड्यांना पाणी घातलं."

"एकटीने?" काकांचा आवाज चिरकला.

"मग काय, वाजतगाजत येऊ?"

झगा वेळेवर पोचला. राणी अशी काही डौलात बसली की कंपनीने काकूंना सगळ्या सरदारांचे अंगरखे शिवायला सांगितले. रात्री जेवताना काकांनी किल्ल्या पुन्हा वाटल्या आणि आपली किल्ली कुणालाही देणार नाही, असं सगळ्यांकडून वदवून घेतलं.

सकाळी काकू आपली किल्ली मुठीत घेऊन हळूच खाली उतरल्या. मावशींच्या दारात लेक उभी होती. आत आजी चहा पीत होत्या. कुणी काही बोलायच्या आत वरून चपलांचा आवाज आला. काका, आणि त्यांचीही मूठ मिटलेली.

"पेपर आणायला चाललोय," ते म्हणाले.

"पेपर वर येतो, बाबा."

काकू जरा सरकल्या आणि त्यांनी काकांना दारात जागा करून दिली.