पत्रिकेतलं पहिलं नाव

आदितीच्या लग्नपत्रिकेचा बाकी मजकूर एका दुपारीत ठरला. 'आपले नम्र'खालची सेहेचाळीस नावं कुठल्या क्रमानं घ्यायची, हे ठरायला मात्र उचगावच्या त्या घराला तीन आठवडे लागले. पहिलं नाव अर्थातच हिराचंदकाकांचं. आदितीचे वडील अभिनंदनराव यांचे ते थोरले भाऊ. नाव एक ओळ जरी खाली गेलं, तरी ते लग्नाला यायचे नाहीत आणि त्यांच्यामागे निम्मी भावकी घरी बसेल, हे सगळ्यांना पाठ होतं.

"चारला प्रेसवाला छपाई सुरू करणार हाय. नावं धाड लवकर!" अभिनंदनराव मुलावर ओरडले.

मुलगा श्रेणिक पुण्याच्या कंपनीचं काम घरातूनच करायचा. चारचौघांसारखं टाइप करणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याचा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, नुसता काळा पडदा. माऊस नाही, बटण नाही, सगळा कारभार कमांडवर.

"बाबा, चार नावं दोनदा पडल्यात. आणि ओळी बघा, एक हातभर, एक बोटभर. एका दणक्यात नीट करतो!"

"हातानं कर की."

"हातानं? अहो, मजकूर हितनं बाहेरच्या प्रोग्रॅमला द्यायचा, त्यो नीट करून परत देतोय. गिरणीत दळण देतोय तसं!"

त्यानं पहिली कमांड दिली, चार नावं गेली. दुसरी दिली, ओळी सारख्या झाल्या. "झालं!" म्हणून तो खुर्चीतून उडालाच. अभिनंदनरावांना चष्म्याशिवाय सरळ ओळी तेवढ्या दिसल्या, तेही "झकास!" म्हणाले. फाइल प्रेसला गेली.

दोनदा आलेली नावं काढण्यासाठी तो प्रोग्रॅम आधी सगळी नावं अकारविल्हे लावून घेतो, हे श्रेणिकला चांगलं माहीत होतं. आनंदाच्या भरात ते विसरलं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गठ्ठे आले. सूर्यास्ताआधी जेवायचं जैन घर, पानं वाढून तयार होती. आदितीनं एक पत्रिका उघडली आणि किंचाळली.

"दादा! पहिलं नाव अक्काताईचं हाय!"

अक्काताई ही दोघा भावांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ऐन पंचविशीत माहेरी आली, ती इथलीच झाली. पत्रिकेत तिचं नाव नेहमी शेवटून दुसरं.

"आणि काका?" श्रेणिकनं विचारलं.

"सगळ्यात खाली."

तेवढ्यात दारात बुलेट धडधडली. काकांनी प्रेसमधूनच एक पत्रिका उचलली होती.

"बेचाळिसात बेचाळिसावा! अभ्या, मी मेलो व्हय रं?"

"दादा, ह्येनं नावं कसल्या गिरणीत घातलीती. मशिननं केलंय ते," अभिनंदनराव श्रेणिककडं बोट दाखवत म्हणाले.

"मग मशिनलाच बोलीव लग्नाला!"

अक्काताई भाकरीची बुट्टी घेऊन बाहेर आली. "हिऱ्या, सूर्य बुडाय आलाय. बस पानावर."

"मी जेवणार न्हाय."

"तू न्हाय जेवलास तर कुणाचा घास उतरणार हाय? ठेव समद्यांस्नी उपाशी." तिनं पत्रिका श्रेणिकच्या हातात दिली. "वाच रं, काय लिवलंय."

"पहिलं तुझंच नाव हाय, आत्ती."

अक्काताईनं पदराला बोटं पुसली आणि त्या अक्षरांवरून हळूच फिरवली.

"पन्नास वर्सं ह्या घरच्या पत्रिका वाटतोय मी. माझं नाव कुठं हाय, ते दर खेपेला कुणीतरी हुडकून द्याय लागायचं."

काकांनी खिडकीतून मावळतीकडं पाहिलं, चपला काढल्या आणि पानावर बसले. "वाढ अक्का. दिवस जाईल."

लग्न वाचलं होतं, आणि अक्काताई आज दोन भाकरी जास्त वाढत होती.

हात धुताना काकांनी त्याला कोपऱ्यात ओढलं.

"तुझी ती गिरणी उलटी बी चालती काय रं? खालचा वर?"

"चालती की."

"मग पुढल्या वर्षी आमच्या पोरीच्या, प्रियदर्शनीच्या पत्रिकेचं दळण तुझ्याकडंच," काका खुशीत म्हणाले. "आणि कुणी इचारलं तर मशिननं केलं म्हणायचं!"