फुल चार्ज

अग्नीच्या शोधानंतर उष्णतेच्या इतिहासात दुसरी मोठी गोष्ट घडली, ती म्हणजे तो मफलर. निदान संशोधिकाबाईंच्या अहवालात तरी तसं म्हटलं होतं. मफलरचे धागे आतून पोकळ होते आणि त्या पोकळीत मेण कोंडलेलं होतं. उन्हात मेण वितळून उष्णता साठवायचं आणि गारठ्यात पुन्हा गोठताना ती परत करायचं. दोन वर्षं खपून एवढा एकच मफलर झाला होता. आज अकराला समिती तो बघणार होती. पसंत पडला नाही, तर प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं.

आणि मफलर घरी राहिला. बाईंनी वडिलांना फोन लावला.

"बाबा, मफलर घेऊन या. निघायच्या आधी दहा मिनिटं चार्ज करा." एवढं बोलून त्यांनी घाईत फोन ठेवला.

त्यांना म्हणायचं होतं, खिडकीतल्या उन्हात ठेवा. पण बाबा निवृत्त वायरमन. चार्ज कसं करायचं हे लेकीला विचारणं त्यांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीला शोभलं नसतं. त्यांनी मफलरची दोन्ही टोकं चाचपली. पिन कुठेच नव्हती. मग त्यांना आठवलं, लेकीचा मोबाइल नुसता चकतीवर ठेवला तरी चार्ज होतो. घरात विजेवर चालणारी सपाट वस्तू एकच होती.

प्रयोगशाळेत बाईंनी मफलर हातात घेतला. "बाबा, हा असा मेणचट का लागतोय?"

"फुल चार्ज आहे. चांगली वीस मिनिटं इस्त्री दाबून धरली."

बाई स्टुलावर बसल्या.

"का गं, कमी पडलं का?"

समितीच्या खोलीत एसी सोळावर होता. अध्यक्षांनी मफलर गळ्याभोवती गुंडाळला आणि थोडा वेळ वाट पाहिली. "ऊब कधी सुरू होते म्हणालात?"

बाई काही बोलायच्या आत दारातून बाबा म्हणाले, "साहेब, चूक माझी. ती हुशार आहे हो. मीच विचारलं नाही तिला."

दारातला हा आवाज कुणाचा, हे बघायला अध्यक्ष गर्रकन वळले आणि हातातला पाण्याचा पेला गळ्यावर उपडा झाला. शर्ट चिंब भिजला. मफलरवरून मात्र पाणी घरंगळून गेलं. तिन्ही सदस्यांनी तो आळीपाळीने चाचपला, चष्मे काढून पाहिला.

"अहो, हे विलक्षण आहे," अध्यक्ष शर्ट पिळत म्हणाले.

"सर, ते नुसतं बाहेर आलेलं मेण आहे," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

'जलरोधक कापड' या नव्या विषयासाठी प्रकल्पाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. मेण लावलेल्या कापडात पाणी मुरत नाही, हे ताडपत्री शिवणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे.