पायाशी उजेड

"अर्ध्या तासाचं काम आहे!" असं बाइंडरसाहेब म्हणाले, तेव्हा त्यांच्या बायकोने निमूटपणे त्यांचं ताट झाकून ठेवलं. एकोणीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा अर्धा तास केवढा असतो, हे तिला पाठ झालं होतं.

'साहेब' हे लोक कौतुकाने म्हणत. साहेब जुनी पुस्तकं बांधून द्यायचे. आणि बांधायचे म्हणजे काय बांधायचे! "वाचणाऱ्याचे केस गळतील, पण माझ्या पुस्तकाचं पान गळणार नाही!" असं ते छातीठोकपणे सांगत. एका कामात हात बसला की माणसाला वाटतं, जगातली सगळी कामं तशीच. त्यामुळे आज त्यांनी गाडीच्या वायरिंगला हात घातला होता.

गाडी मुळात सासऱ्यांची. चोवीस वर्षांची, हाताने दांडी फिरवून काचा खाली करायच्या जमान्यातली. दोन वर्षांपूर्वी किल्ली देताना सासऱ्यांनी एकच अट घातली होती, "जावईबापू, गाडी तुमची. पण स्टिअरिंगखालच्या वायरींना हात लावायचा नाही!" आता वर्षातून एकदा, जुन्या मित्रांना भेटायला जाताना ते स्वतः ती चालवायचे. तो दिवस नेमका आज होता, आणि वेळ होती चारची.

"उद्या करा की! आज बाबा यायचेत," बायको म्हणाली.

"उद्यापर्यंत तू आणखी एक चष्मा तुडवशील! बाबांना पत्तासुद्धा लागणार नाही."

चष्म्याची गोष्ट खरी होती. रोज संध्याकाळी कामावरून परतताना ती गाडीत पायाशी पडलेलं काहीबाही अंधारात चाचपडत बसायची. परवा पडला चष्मा आणि त्यावर तिचाच पाय पडला. ती नुसती हसली. तेच साहेबांच्या जिव्हारी लागलं. दार उघडताच बायकोच्या पायाशी मऊ पिवळा उजेड पडावा, एवढंच त्यांना हवं होतं. आणि सासऱ्यांची अट मोडल्याचं सासऱ्यांना कळू नये, हेही हवं होतं!

सरसावर धूळ बसू नये म्हणून साहेबांनी गाडीची दारं घट्ट लावून घेतली. हो, पुस्तकं चिकटवायचा सरस! सोबत दोरा, कापड, ब्रश, सगळा संसार होता. स्टिअरिंगखालचं झाकण काढलं तर आत सगळ्या वायरी लाल. दिवे विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं होतं, दाराच्या बटणाकडे जाणारी वायर धरा. ती तासाभराने सापडली. दिवे जोडले. पण आणखी दोन वायरींची टोकं आत नुसतीच लोंबकळत होती. आता, सुटं टोक बाइंडरला बघवतं का? साहेबांनी ती दोन्ही टोकं एकमेकांत गुंफली, मग सगळ्या वायरींवर मिळून तीनपदरी दोरा आवळला, कापड गुंडाळलं, वर सरसाचे दोन हात दिले आणि सुकेपर्यंत स्वस्थ बसून राहिले. सुकल्याशिवाय पुस्तक उघडून बघायचं नसतं. मग दिवे तरी कसे बघणार?

साडेतीनला त्यांनी ऐटीत दार उघडलं. पायाशी मऊ पिवळा उजेड पडला. आणि हॉर्न वाजला! थांबेचना!

दार लावलं, हॉर्न बंद. उघडलं, चालू. दुसरं दार उघडलं, तेही तसंच! वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपलेल्या नर्सबाई खिडकीत आल्या. "अहो, माझे पेशंट परवडले!"

बायको धावत आली. "अहो, बाहेर या ना!"

"आलो तर वाजतो!"

"मग तोडा ना ती वायर!"

"कुठली? सगळी लाल! आणि वर माझी बांधणी!" या संकटातही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होताच.

बायको नर्सबाईंची समजूत घालायला वर पळाली. साहेबांनी ठरवलं, आता एकदाही हॉर्न वाजू द्यायचा नाही; दार न उघडता खिडकीतून बाहेर पडायचं आणि बॅटरीची वायरच काढायची. डोकं बाहेर आलं, खांदे आले, आणि पोटाने असहकार पुकारला. पुढेही नाही, मागेही नाही! अशा अवस्थेत त्यांना समोर ओळखीचे, पॉलिश केलेले बूट दिसले. सासरे वीस मिनिटं आधी आले होते. मागे सासूबाई होत्या.

"या या, बाबा!" साहेब लोंबकळत म्हणाले. "प्रवास कसा झाला?"

सासऱ्यांनी जावयाला सोडवायला दार ओढलं. हॉर्न कोकलला. नर्सबाईंची खिडकी धाडकन बंद झाली. सासरे मात्र पायाशी पडलेल्या उजेडाकडे बघतच राहिले. मग त्यांनी घाईने दार लावलं.

"ती दोन सुटी टोकं जोडलीत ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

सासरे कानापर्यंत लाल झाले. सासूबाईंना हसू आवरेना. "चोवीस वर्षांपूर्वी हेही याच खिडकीतून बाहेर आले होते! माझ्या पायाशी दिवा लावायला निघाले होते. घरच्या घंटीची उरलेली लाल वायर सगळीकडे जोडत सुटले! तेव्हा बारीक होते, म्हणून अडकले नाहीत."

"तो हॉर्न गप्प करायला मला तीन रविवार लागले!" सासरे पुटपुटले. "अट काय गाडीच्या काळजीने घातली होती? कोणी आत बघून हसू नये म्हणून घातली!"

तेवढ्यात बायको खाली आली. सगळ्यांनी मिळून साहेबांना ओढून काढलं. शर्टाचं एक बटण मात्र आतच राहिलं. सासऱ्यांनी पुन्हा एकदा दार उघडलं, हॉर्नच्या बोंबलण्यात तो पिवळा उजेड डोळे भरून पाहिला आणि दार लावलं.

"पण दिवे सुरेख लावलेत हो," ते म्हणाले. "माझे लागलेच नव्हते!" आणि घड्याळ काढून खिशात टाकत त्यांनी बाह्या वर सरसावल्या. "मित्र काय, थांबतील. चला जावईबापू, अर्ध्या तासाचं काम आहे!"

सासूबाईंनी पर्समधून एक छोटी, रंग उडालेली टॉर्च काढली आणि लेकीच्या हातावर ठेवली.

"ही आता तू ठेव," त्या म्हणाल्या. "चोवीस वर्षं मी हिच्याच उजेडात गाडीत बसतेय."