चपला धुऊन आत या

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मागच्या अंगणात जायचं तर आधी चपला धुवाव्या लागतात. मागे देऊळबिऊळ काही नाही. मागे गायकवाड सरांच्या केळी आहेत. जाळीच्या फाटकाशी जंतुनाशकाची बादली आणि ब्रश, आणि शेजारी खुर्ची टाकून स्वतः सर. टाकी साफ करणारा येवो की नगरसेवक, सर आधी पायांकडे बघणार, मग तोंडाकडे. "तळ दाखवा," म्हणणार.

सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर विद्यार्थी सुटले आणि आम्ही सापडलो. माझी पहिल्या मजल्यावरची गॅलरी नेमकी केळींवर उघडते, त्यामुळे माझा तास रोजचाच.

"मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसते. चपलेच्या चिखलातून येते, मुळातून शिरते आणि पाण्याच्या नळ्या तुंबवते. झाड उभ्या उभ्या वाळतं."

"मग झाड काहीच करत नाही?" मी एकदा मेथी निवडता निवडता विचारलं आणि त्या दिवशी आमची भाजी दुपारी फोडणीला पडली.

"करतं तर! रानटी केळीच्या जीन्समध्ये पक्का वॉचमन असतो. चोर मुळाशी आला की ओळखतो, बेल मारतो. लगेच पेशींच्या भिंती जाड, नळ्या डिंकाने बंद. चोर तळमजल्यावरच अडकला."

"आणि आपल्या खायच्या केळींमध्ये?"

"बेल त्यांच्याकडेही असते गं. पण पुष्कळदा वॉचमन जागा उशिरा होतो."

हे ऐकून आमचा खरा वॉचमन आठवडाभर सरांशी बोलला नाही.

रानटी केळीचा घड उतरला की सर तो घरोघर वाटायचे. त्या केळ्यांत गर नावाला, बाकी मिऱ्यांएवढ्या बिया. "दात सांभाळा, पण जीन्स बघा!" खायच्या केळींवर मात्र त्यांचा राग. त्यांना बी नाही, बुंध्याशी फुटलेला मुनवा लावायचा, आणि तो हुबेहूब आईच. "एकीला जे झेपत नाही, ते साऱ्या खानदानाला झेपत नाही," सर चिडून म्हणायचे.

तरी वाफ्यात मधोमध, सगळ्यात चांगल्या उन्हात, उभी होती सफेद वेलची. केळी इवलीशी, गोड, आणि झाड मर रोगापुढे अगदीच दुबळं. सरांच्या पत्नी शालनताई ती वसईहून, माहेरून घेऊन आल्या होत्या. ताई जाऊन बरीच वर्षं झाली. एवढी नाजूक जात कशाला ठेवलीत, असं विचारलं की सर म्हणायचे, "तुलनेला असावी एक."

मागच्या वर्षी सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठाण्याला लेकीकडे गेले. इकडे सोसायटीचा सत्यनारायण झाला. पूजेचे केळीचे खुंट उरले तेव्हा आमच्या सेक्रेटरी म्हात्र्यांना सरांची आठवण झाली. "कचऱ्यात कशाला टाकताय? सरांच्या केळींना खत होईल ना!" सर नव्हते, तरी कमिटीने नियम मोडला नाही. सगळ्यांनी चपला घासल्या, एकमेकांना तळ दाखवले आणि बाजारातले ते खुंट, कंदाच्या मातीसकट, वेलचीच्या बुंध्याशी नेऊन खोचले.

सरांनी आल्या आल्या ते उपटले, पण काही महिन्यांत वेलचीची खालची पानं पिवळी पडून लोंबली. म्हात्रे खाली मान घालून आले. "सर, आम्ही चपला धुतलेल्या हो."

"माहितीये," सर म्हणाले. "आलो तेव्हा ब्रश ओला होता."

रोगट झाड त्याच दिवशी काढायचं, हा सरांचाच नियम. पण सर खुर्ची वेलचीकडे वळवून बसून राहिले. "वॉचमन उठेल अजून," पुटपुटायचे. इतकी वर्षं ती बादली कुणासाठी होती, ते मला तेव्हा कळलं. शेवटी एका सकाळी त्यांनी स्वतःच केळ खणून जाळली. बादलीही उचलून ठेवली. कोरड्या चपलांनी फिरताना आम्हालाच चोरट्यासारखं वाटायचं.

मग एका रविवारी म्हात्रे स्कूटरवर कुंडी घेऊन आले. फाटकाशी थांबून ओरडले, "सर, बादली आणा!"

सर खाली आले. कुंडीत हातभर मुनवा होता.

"शहाडहून आणलाय, तुमच्या मेव्हणीकडून. तुमची मुलगी बोलली, ताईंनी तिथे आपल्या वेलचीचं पिल्लू दिलेलं. त्याचंच हे."

सरांनी वाकून मुनव्याचं पान चाचपलं. मीच गॅलरीतून म्हटलं, "म्हणजे ताईंच्या केळीसारखीच निघेल ना, सर?"

"सारखी नाही गं," सर म्हणाले. नेहमीचा तासाचा आवाज काढायला गेले, पण जमला नाही. "तीच. जीन न् जीन तीच."

वाफ्यातली माती आता भरवशाची नाही, म्हणून कुंडी सरांच्या गॅलरीत आहे, ताईंच्या खुर्चीशेजारी. बादली घराच्या दाराशी आली आहे. परवा चहाला गेले तर सर दारातच उभे. मी न सांगता तळ दाखवला.

"हिला उशिरा जाग येते," सर कुंडीकडे बघत समाधानाने म्हणाले. "मी आहे ना जागा."