युरोपहटाव पक्षाचा उदय, मुक्काम डब्लिन, प्रांत ओहायो

श्री. मौजे डब्लिन, प्रांत ओहायो, मुलूख अमेरिका येथील हकीगत ऐसी जे, युरोपहटाव पक्ष कैसा उपजला आणि त्याने काय दिवे लाविले, हे चार लोकांनी पुसिले, सबब लिहिणाराने डोळां देखिले तैसे लिहिले. पदरचे काही घातले नाही. मूळचाच मूर्खपणा इतका की भर घालण्यास जागा उरली नाही.

राजश्री पुरुषोत्तमपंत, रिटायर्ड इंजिनियर, चाळीस वर्षे ग्रीनकार्डावरी राहोन पासपोर्ट मात्र हिंदुस्थानचा राखोन होते, आणि ही मर्दुमकी दर पॉटलकात, म्हणजे घरोघरचे डबे आणोन होणाऱ्या पंगतीत, ऐकवोन लोकांस हैराण करीत होते. त्यांचे कुटुंब शुभाकाकू शहाण्या, त्यांनी अमेरिकी पासपोर्ट केव्हाच घेतला होता. कन्या अनया बेल्जियम प्रांती अँटवर्पास नांदत होती, तीस कन्यारत्न जाहले, आणि बाबांनी यावे म्हणोन तिने बारसे दोन महिने लांबविले. काकूंस व्हिसा नलगे, पंतांस लागे. वकिलातीने फर्माविले की, अर्जासमवेत कन्येचे निमंत्रणपत्र, तेथील नगरपालिकेच्या शिक्क्यानिशी, दाखल करावे.

पंत संतापोन लाल जाहले आणि गर्जले, "पोटच्या पोरीकडे जायला आमंत्रण? आणि शिक्का मारणार नगरपालिका? अरे, हट्!"

अनयाने शिक्क्याचे पत्र आठ दिवसांत धाडिले आणि फोनवरी विनविले, "बाबा, अपॉइंटमेंट मी बुक केलीय. तुम्ही फक्त फॉर्म भरून सबमिट करा ना, प्लीज." पंतांनी ते पत्र फ्रिजवरी चुंबकाखाली डकविले, गनिमाचा अपमानकारक खलिता म्हणोन पाहुण्यांस दाखविले, आणि सत्तावीस राज्यांचा युरोपीय संघच मोडावा ऐसा मनसुबा केला.

मग व्हॉट्सअ‍ॅपवरी पक्ष स्थापिला. फौज तीन असामी. एक स्वतः पंत. दुसरे डॉक्टर गुरुदत्तकाका, ज्यांस युरोपच्या हॉटेलात पाण्यात बर्फ मिळाला नव्हता. तिसरा नागपूरकर निमिष, आयटीवाला, ज्यास युरोपच्या व्हिसाच्या मुलाखतीचा स्लॉट मिळेना. तिघांनी पंतांच्या बेसमेंटात मसलत केली, परातभर चिवडा फस्त केला, आणि युरोपीय संघ तत्काळ बरखास्त व्हावा ऐसा हुकूम संघाचे मुख्य ठाणे ब्रसेल्सास ईमेलने रवाना केला. तेथोन यंत्राने उत्तर दिले की, मेल पावला. पंतांनी जाहीर केले की, गनीम हादरला!

पुढे फितुरी जाहली. निमिषास स्लॉट मिळाला, तो "सॉरी काका, हॉटेलपण बुक केलं यार," इतुके लिहोन ग्रुप सोडोन गेला. गुरुदत्तकाकांच्या वसुधाकाकूंनी युरोपची क्रूझ ठरविली, काकाही निमूट निघोन गेले. बर्फाचे नावही काढिले नाही.

ते समयी शुभाकाकू बॅगेत डिंकाचे लाडू भरीत होत्या. त्या बोलिल्या, "अहो, नात आहे आपली. तुमच्यासाठी थांबलेत सगळे. फॉर्म तेवढा भरा की हो."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग बसा तत्त्वाला मांडीवर घेऊन," म्हणोन काकूंनी उबर बोलाविली आणि एकट्यांनीच विमानतळाकडे कूच केले. पंत दारात उभे होते. बॅगेस हात लाविला नाही, आणि लावावा ऐसे मनात फार होते, हेही लिहिणे भाग आहे.

बारशाचे दिवशी डब्लिनात दोन प्रहर जाहले होते. पंत नवा सदरा घालोन फोनपुढे बसले. आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केले, अनिका नाव ठेविले. अनया म्हणाली, "बाबा, दिसतंय का?" पंतांस छत आणि कोणाचे तरी कोपर दिसत होते. ते म्हणाले, "दिसतंय, दिसतंय." मग फोटो काढावयास फोन लागला, सबब तो बंद केला.

येणेप्रमाणे मोहीम शेवटास जावोन पक्षास पूर्ण फत्ते लाभली, ऐसे पंतांनी त्याच सायंकाळी ग्रुपवरी लिहिले. वाचणार कोणी उरले नव्हते. सत्तावीस राज्ये तिळमात्र हालली नाहीत, परंतु पंतांनी फॉर्म भरिला नाही. नात व्याह्यांच्या मांडीवर निजली.