आपण होऊन सांगितलेलं बरं

चुकून सिग्नल तोडला म्हणून पुढच्या चौकातून मागे वळून, हवालदाराला शोधून "पावती फाडा" म्हणणारा माणूस नाशकात एकच. आमचे देवरे अण्णा. हवालदार बिचारा वडापाव खात होता, तो वैतागला.

अण्णांचं बंदुकांचं परवानाधारक दुकान माझ्या चष्म्याच्या दुकानाला लागून. एका दुपारी काडतुसांचं कपाट उघडं राहिलं. कुणाला पत्ताही लागला नसता. अण्णा शटर ओढून तडक कलेक्टर कचेरीत, परवाना शाखेत. "आपण होऊन सांगितलेलं बरं," हे त्यांचं ब्रीद. पकडलं तर परवाना जातो, सांगितलं तर समज मिळते. तिथले साहेबही दरवेळी समज देऊनच सोडतात. मी म्हणायचो, अहो, हे विकतचं दुखणं कशाला?

निवडणूक लागली की परवानेवाले आपापल्या बंदुका अण्णांकडे जमा करतात, निकालानंतर घेऊन जातात. गेल्या निवडणुकीनंतर सटाण्याच्या यशवंतरावांची तेवढी राहिली. हे अण्णांचे शाळासोबती. ते दर सोमवारी मागायला येत आणि अण्णांचं एकच, घोडा अडकतोय, दुरुस्तीला दिलीय. मग दोघं तासभर गप्पा मारत, आणि यशवंतराव रिकाम्या हाताने एसटी पकडत.

बंदूक तर धडधाकट, आतल्या कपाटात. मी पाहिली होती. ज्याची त्याला न देणं म्हणजे परवान्यावरच गदा. आणि नेमकं हेच सांगायला अण्णा कचेरीत जाईनात! मला रागच आला. एवढा हरिश्चंद्र, आणि हे काय?

शेवटी विचारलंच. अण्णा काउंटरची काच पुसत म्हणाले,

"वहिनी गेल्यापासून तो एकटाय. बंदूक ठेवायला आला तेव्हा म्हणाला, आता जगून काय करायचंय. कशी देऊ त्याच्या हातात? साहेबांना सांगितलं तर म्हणतील, देऊन टाका."

माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, अण्णा, तरीपण आपण होऊन सांगितलेलं बरं. चला, मी येतो.

साहेबांनी सगळं ऐकलं. समज दिली, बंदूक पोलिसांकडे रीतसर ठेवायची सोय लावली आणि अण्णांना पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली.

सोमवारी यशवंतराव आले. अण्णा खाली मान घालून म्हणाले, बंदूक कधी बिघडलीच नव्हती, मी खोटं बोललो.

"माले माहीत शे," यशवंतराव आपल्या अहिराणीत म्हणाले.

मग दर सोमवारी येतोस कशाला, अण्णांनी विचारलं.

"घरमा बोलाले कोन शे?"

अण्णांनी मला हाक मारून दोन चहा सांगायला लावले. आणि चष्मे पुसायचा फडका मागितला. अण्णांना चष्मा नाही.